इलाही शिकलगारांच्या मीठदाण्या

इलाही शिकलगारांच्या आज्यानं तलवारींना धार लावली, वडिलांनी कात्र्यांना, आणि त्यांच्या स्वतःच्या वाट्याला आल्या मीठदाण्या. हे तेच सांगत आणि वर म्हणत, "खाली खाली चाललाय बघा गुरुजी आमचा धंदा. पोरगं आता नुसतं चमचं पुसंल."

हा धंदा चाले कोल्हापुरातल्या इंगळ्यांच्या बंगल्यात. या सरदार घराण्यानं एकाहत्तर साली बंगल्यातल्या दोन खोल्या लोकांना बघायला खुल्या केल्या. एकीत शस्त्रं होती. दुसरीत लांबलचक जेवणाचं टेबल आणि काचेच्या कपाटात विलायती चांदी: चार मीठदाण्या, मिरपूड भुरभुरायची मनोऱ्यासारखी भांडी, आणि मोहरीच्या चटणीचं झाकणाला चमच्यापुरती खाच असलेलं भांडं. माझ्या वर्गातली मुलं तलवारींच्या ओढीनं जात, पण इलाहीभाई त्यांना आधी मीठदाणीपुढं उभं करत. "तलवार कुठंबी बघशिला. हिच्या पायाला मासा हाय, त्यो हुडका."

दर शनिवारी ते खडूची भुकटी पाण्यात कालवून मऊ धोतराच्या फडक्यानं चांदी घासत. खडूचे तुकडे आमच्या शाळेतले. चांदीला रागानं हात लावू नये, हा त्यांचा नियम. "लालबीशी भांडून आलो की त्या दिवशी नुसती धूळ झाडतो." लालबी म्हणजे त्यांची बायको.

शहात्तर साली मुंबईच्या सरकारी खात्यातल्या एक बाई हा संग्रह तपासायला येणार होत्या. तो सांभाळणाऱ्या समितीचे सचिव आण्णा, रिटायर झालेले ओव्हरसियर, यांनी फर्मान काढलं की टेबल मेजवानीसारखं मांडायचं आणि मीठदाण्या मिठानं भरायच्या.

"मीठ चांदी खातंय, साहेब," इलाहीभाई म्हणाले. "आतल्या निळ्या काचंच्या वाट्या कवाच फुटल्यात."

"दोन तासांत काय खाणार हाय? भरायचं, न्हाईतर किल्ल्या माझ्याकडं द्यायच्या."

कपाटाच्या किल्ल्या, खोल्या लोकांना खुल्या व्हायच्या कितीतरी आधीपासून, बावीस वर्षं इलाहीभाईंच्या कमरेला होत्या. ते "भरतो" म्हणाले. आणि त्यांनी भरली खडूची बारीक भुकटी. घरी लालबीलाही सांगितलं नाही.

मुंबईच्या बाईंनी सगळं बघितलं, खूश झाल्या आणि निघायला लागल्या. तेवढ्यात घरच्या मालकीण आक्काताई पुढं आल्या. "मांडलेल्या टेबलावरनं पावणं उपाशी जायचं, आमच्यात तसं चालत न्हाई." आत मटण आणि पांढरा रस्सा तयारच होता. ताटं आली. समितीचा एक सभासद म्हणून मीही बसलो.

आपल्याकडं वाढणं सुरू होतं मिठानं. मीठ वाढल्याशिवाय ते ताट कसलं! आक्काताईंनी समोर भरलेली मीठदाणी बघितली, तीच उचलली आणि चिमुकल्या चमच्यानं ताटाताटात वरच्या कडेला वाढत गेल्या. घरोघरी तेव्हा खडेमीठ. आण्णा कौतुकानं म्हणाले, "साहेबी मीठ म्हंजे पिठावानी असतंय की!"

बाईंनी ताटातली चिमूट भातावर घ्यायला बोटं नेली.

"बाई, थांबा!" दारातून इलाहीभाई ओरडले. "त्ये मीठ न्हाय. खडू हाय."

आण्णांचे कान लाल झाले. त्यांनी नुसता हात पुढं केला. इलाहीभाईंनी कमरेच्या किल्ल्या सोडून त्या हातावर ठेवल्या.

"जाता जाता एवढं बघा," म्हणत त्यांनी कपाटाच्या तळाच्या खणातून एक पुरचुंडी काढली. आत पाचवी मीठदाणी होती. तिचा तळ देवी आलेल्या तोंडासारखा खड्ड्याखड्ड्यांचा, काळा. त्यांनी ती खिडकीकडं धरली तर तीन भोकांतून उजेड आला. "ह्यो माझा पयल्या वर्षाचा पराक्रम. मेजवानी झाली, मीठ काढायचं इसरलो. पावसाळाभर आतच ऱ्हायलं."

"आणि बावीस वर्षं लपवून ठेवलीसा?" आक्काताईंनी विचारलं.

"भ्यालतो, आक्कासाब."

आक्काताई आण्णांकडं वळल्या. "किल्ल्या परत द्या त्यांच्या. ऐकलं असतंसा त्यांचं, तर माझ्या हातनं पावण्यांना खडू वाढला नसता."

आण्णांनी किल्ल्या दिल्या. मुंबईच्या बाईंना पाचवी मीठदाणी बाकी चारींपेक्षा जास्त आवडली. ती कपाटात ठेवा, खाली चिठ्ठीवर ती कशी बिघडली ते लिहा, असं त्या म्हणाल्या. मग ताटं बदलली, बरणीतलं खडेमीठ आलं आणि जेवण झालं.

चिठ्ठी आण्णांनीच लिहिली, सुबक अक्षरात: 'मीठ राहिल्याने खराब झालेली मीठदाणी.'

इलाहीभाईंना ती पटेना. "कुणाच्या हातनं झालं, त्ये लिवा की."

"अहो, माणसाची चूक काय चिठ्ठीवर लावायची असती व्हय?"

"चांदीची न्हवं ना चूक? मग माझं नाव घाला."

तीन आठवडे हा वाद चालला. इलाहीभाई त्र्याऐंशी साली निवृत्त झाले, आण्णाही आता नाहीत. दुसरी ओळ मात्र चिठ्ठीवर आहे, जरा तिरकी, नंतर लिहिलेली: 'इलाही शिकलगार यांच्या विसरण्यामुळे, १९५४.'