ॲप्रनच्या खिशातली चिमूट

भट्टीमामांनी एकेचाळीस वर्षं पाव भाजले आणि त्या एकेचाळीस वर्षांत एकदाही, कुणाचंही, काहीही ऐकलं नाही. बेकरीच्या भट्टीसमोर उभं राहून डोकं कायमचं तापलेलं, म्हणून गल्लीने हे नाव ठेवलं. पुढे बेकरी विकली, भट्टी विझली, डोकं मात्र होतं तसंच राहिलं. बोलायला तिखट, हाताने उदार आणि मोजमापाशी उभा दावा. बेकरीत तराजू होता, पण तो गिऱ्हाइकांना दाखवायला. मामा पीठ मुठीने मोजायचे, पाणी कानाने आणि भट्टीची आच पंजाने. आपल्या हातून एकही घाणा बिघडला नाही, असं ते छाती ठोकून सांगतात. मामी म्हणतात, बिघडले की, पण त्यांचे टोस्ट करून विकले.

अशा माणसावर सत्तराव्या वर्षी वेळ आली ती पिठाशिवाय क्रेप, म्हणजे परदेशी पातळ धिरडी, करायची. गव्हाचं पीठ नाही, तांदळाचं नाही, मक्याचं नाही, कुठल्याच धान्याचं नाही. वर साखरही नाही.

"मग राहिलं काय? ताटली?" मामांनी विचारलं.

"अंडी, मऊ चीज, बदामाची पूड आणि फळं," मामी म्हणाल्या आणि दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंनी लिहून दिलेला कागद त्यांनी मामांच्या पुढ्यात सरकवला. "रविवारी अकरा वाजता तुमच्या भाचीला बोलावलंय. ब्रंचला."

"हे ब्रंच काय असतं?"

"नाश्त्याला उशीर झाला आणि जेवायला लवकर आलात की त्याला ब्रंच म्हणतात."

"म्हणजे वेळेवर न उठणाऱ्यांची सोय," मामा म्हणाले. पण कागद त्यांनी उचलला, चष्मा शोधला आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मामी बघतच राहिल्या. लग्नात सही केलेला कागदसुद्धा या माणसाने वाचला नव्हता.

कारण होतं भाची. मामांच्या धाकट्या बहिणीची एकुलती एक लेक. बहीण नर्स होती, सकाळची पाळी असली की पोरीला पहाटेच बेकरीत आणून सोडायची. पोर पिठाच्या पोत्यांवर झोपायची आणि उठली की भट्टीतून निघालेला पहिला बन तिचा. मामा तिला हाकच 'बन' अशी मारायचे. आणि नशीब तरी कसं, एकोणिसाव्या वर्षी या बनला शुगर निघाली, अठ्ठाविसाव्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं की गव्हाचा कणसुद्धा पोटात जाता कामा नये, आतडी सोलवटून निघतात. तिने मग सगळं धान्यच सोडलं. इन्सुलिनचा हिशेब तरी सोपा होतो म्हणाली.

मामांना हा अपमान वाटला. ज्या पावावर पोर वाढली तोच तिला विष? "थेरं आहेत सगळी," ते म्हणाले. "हल्ली कुणाला काहीही चालत नाही." आणि आता सांगायची ती गोष्ट गल्लीत कुणाला ठाऊक नाही. सहा वर्षांपूर्वी ती जेवायला आलेली असताना मामांनी सुपात दोन चमचे मैदा ढवळून टाकला. मुद्दाम. तिने विचारलं होतं, "मामा, यात काही नाही ना?" मामा म्हणाले होते, "काही नाही गं." त्यांना सिद्ध करायचं होतं की हे दुखणं पोटात नसून डोक्यात आहे. पोर चार दिवस दवाखान्यात होती, सलाईनवर. मामा रोज जाऊन तिच्या उशाशी बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "बाहेरचं काहीतरी अरबटचरबट खाल्लं असेल."

त्यानंतर भाचीने येणं सोडलं नाही. भांडली नाही, एक शब्द बोलली नाही. फक्त येताना डबा आणायला लागली. स्टीलचा, दोन कप्प्यांचा, झाकणाला निळी पट्टी. सगळ्यांची ताटं वाढली की ती डबा उघडायची, हसतखेळत जेवायची आणि डबा विसळून घेऊन जायची. मामांना त्या डब्याकडे बघवायचं नाही. दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं, असं त्यांना वाटायचं.

त्यात गंमत अशी की भाचीचा धंदा दातांचा. डॉक्टर माप घेतात, कवळी ती बनवते. मामांची वरची कवळी तिच्याच हातची. म्हणजे हा माणूस दिवसातून तीनदा तिने दिलेल्या दातांनी चावायचा आणि ती सहा वर्षं त्याच्या हातचा घास खात नव्हती. आता तिने स्वतःचं वर्कशॉप काढलं होतं, दोन दिवसांच्या प्रवासावरच्या शहरात. रविवारी दुपारीच गाडी होती. तिची आई जाऊन नऊ वर्षं झाली होती, निरोप द्यायला मामा-मामीच उरले होते. एकदा तिने आपल्या हातचं खाऊन जावं, एवढंच मामांना हवं होतं. तोंडाने ते कुणाला सांगितलं नाही, तो भाग वेगळा.

गुरुवारी पहिला प्रयत्न झाला. मामांनी सवयीप्रमाणे सगळं अंदाजाने घातलं आणि जे तयार झालं ते ऑम्लेट होतं. चांगलं होतं, पण ऑम्लेट होतं. दुसरा क्रेप उलटताना फाटला. तिसरा तव्याला असा चिकटला की मामांनी तव्याच्या आईबापांचा उद्धार केला.

"याला धरून ठेवायला काही नाहीच आत!" ते ओरडले. "पीठ असलं की कसं, एकमेकांना धरून राहतं. हे म्हणजे नुसते पाहुणे गोळा केलेत!"

"कागदावर लिहिलंय, मिश्रण दहा मिनिटं ठेवून द्या," मामी म्हणाल्या. "तुम्ही दहा सेकंदं ठेवलंत."

शुक्रवारी मामांनी दहा मिनिटं ठेवलं. घड्याळाकडे बघत, येरझाऱ्या घालत. फेस खाली बसला. आच अगदी मंद केली, तव्यावर लोण्याचा बोटभर तुकडा फिरवला, पळीभर मिश्रण ओतून तवा गोल कलता केला आणि कडा सुटेपर्यंत हात पाठीमागे बांधून उभे राहिले. क्रेप अलगद उलटला. पातळ, पिवळसर, बदामी ठिपक्यांचा. मामांनी तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चघळला आणि म्हणाले, "वाईट नाही." त्यांच्या तोंडून हे ऐकायला बेकरीतले कारागीर वर्षानुवर्षं तरसले होते.

शनिवारी मामींनी घर धुऊन काढलं. मैद्याचा डबा, ब्रेड, बिस्किटं, सगळं शेजारच्या शिंप्याकडे गेलं. ओटा तीनदा पुसला. तवा नवा, पोळपाटाएवढी लाकडी फळी नवी, उलथणं नवं. "आता या घरात गव्हाचा कण सापडला तर नाव बदलीन," मामी म्हणाल्या.

रविवारी अकराला पाच कमी असताना बेल वाजली. मामी दाराकडे गेल्या आणि इकडे मामांनी मोरीच्या दारामागच्या खिळ्यावरून आपला ॲप्रन काढून चढवला. बेकरीतला, शेवटच्या दिवशी अंगावर होता तोच. त्याला धुवायला मामींना मनाई होती. खास माणसासाठी ॲप्रनशिवाय रांधायचं म्हणजे मामांना चौकात अंघोळ केल्यासारखं वाटलं असतं.

भाची आत आली. खांद्याला पिशवी, पिशवीत डबा. तो तिने बाजूच्या खुर्चीवर ठेवला. मामांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

"मामा, तू क्रेप करतोयस?" ती म्हणाली. "तब्येत बरी आहे ना?"

"गप बस. धान्य नाही, साखर नाही, अक्कल नाही, असा पदार्थ आहे. तुझ्यासाठीच शोधून काढलाय कुणीतरी."

ती हसली. मामांचा हात चालू झाला. एक, दोन, तीन, चार क्रेप, एकही फाटला नाही. एकेक फळीवर उतरवायचा, घडी घालायची, ताटलीत ठेवायचा. वर फेटलेली साय, स्ट्रॉबेरीच्या फोडी, चार जांभळ्या बेरी. ताटली त्यांनी तिच्यापुढे ठेवली आणि मागे सरून उभे राहिले. भाची ताटलीकडे बघत राहिली. मग डब्याकडे बघितलं. मग हळूच काटा उचलला.

"मामा, यात काही नाही ना?"

तोच प्रश्न. पण आज मामांना भीती नव्हती, आज ते खरंच बोलणार होते. "काही नाही गं," ते म्हणाले आणि हात पुसायला ॲप्रनकडे नेला.

अंगठ्यावर पांढरं होतं.

बेकरीतल्या प्रत्येक माणसाच्या ॲप्रनच्या उजव्या खिशात मूठभर मैदा असतो. फळीवर काही ठेवायचं म्हटलं की हात आपोआप खिशात जातो, चिमूट निघते, फळीवर फेकली जाते. चिकटू नये म्हणून. मामा झोपेतसुद्धा उशीवर फेकतात, असं मामी सांगतात. आताही फेकली होती, चार क्रेपना चार वेळा. त्यांना पत्ताही नव्हता.

कुणाला दिसलं नव्हतं. साय होती, स्ट्रॉबेरी होती, एवढ्याशा चिमटीने काय होतंय! आणि सांगितलं तर संपलंच. ती डबा उघडेल, जेवेल, गाडीत बसेल आणि जन्मात पुन्हा काटा उचलणार नाही. काटा घडीत शिरला होता. एवढ्याने काय होतंय, हे आपण पूर्वीही एकदा म्हणालो होतो, एवढंच मामांना आठवलं.

"थांब! खाऊ नकोस!" त्यांनी ताटली अशी ओढली की एक स्ट्रॉबेरी उडून मामींच्या मांडीवर पडली. "मैदा लागलाय. माझ्या खिशातला. चुकून, तुझ्या आईची शपथ, चुकून!"

मामी कपाळावर हात मारून म्हणाल्या, "सगळ्या घरातलं पीठ बाहेर काढलं, तुम्हाला काढायचं राहिलं!"

भाचीने काटा खाली ठेवला. "आणि सुपात?" तिने विचारलं. "तेव्हाही चुकून?"

"नाही," मामा म्हणाले. "दोन चमचे. मुद्दाम घातला. तुला खोटं पाडायला. मी नालायक आहे, बन."

"मला माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"तू बोलशील म्हणून वाट बघत होते. सहा वर्षं लावलीस."

मामांचे ओठ थरथरायला लागले. कवळी हलतेय असं भासवायला त्यांनी तोंडावर हात धरला, पण कवळी कशी बसते हे तिला ठाऊक होतं आणि ती हलत नव्हती. मामा रडत होते. मामींनी मांडीवरची स्ट्रॉबेरी उगाचच पुसली.

"तो ॲप्रन काढ आधी," भाची म्हणाली. "सदराही. बाहेर जाऊन काढ. हात कोपरापर्यंत धू, दोनदा. मामी, ही फळी नको, ताटल्याही दुसऱ्या, तवा-उलथणं घासून घ्यायचं. अंडी किती उरलीत?"

"दोन."

"पुरे."

तर भट्टीमामा बनियनवर उभे, भाची शेजारी कमरेवर हात ठेवून. मामा बदामाची पूड मुठीने घ्यायला गेले. "चमच्याने," ती म्हणाली. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा चमच्याने मोजली. मिश्रण दहा मिनिटं ठेवलं. क्रेप उलटताना एका बाजूला फाटला आणि कड जरा करपली. तव्यावरून तो थेट ताटलीत पडला, चक्क चिंधीसारखा. उरलेल्या तीन स्ट्रॉबेरी धुऊन त्यावर ठेवल्या.

भाचीने विचारलं काहीच नाही. घास तोडला, खाल्ला.

"कसा झालाय?" मामांनी भीत भीत विचारलं.

"अंड्याचा वास येतोय," ती म्हणाली आणि दुसरा घास घेतला. मग बाजूच्या खुर्चीवरचा डबा तिने मामांपुढे सरकवला. "हे तू खा. वाया जाईल उगाच."

डब्यात वाफवलेल्या भाज्या होत्या आणि चिकनचे तुकडे. मामांनी भाचीच्या दातांनी भाचीचं जेवण चावलं. "मीठ कमी आहे," ते म्हणाले आणि तळाशी काही ठेवलं नाही.

टॅक्सी आली, मिठ्या मारून झाल्या, ती जिना उतरून गेली. मामी आवरायला वळल्या तर डबा मोरीशीच, निळ्या पट्टीचं झाकण वर. मामा तो उचलून तसेच बनियनवर जिना उतरत सुटले. शिंपी खिडकीतून बघत होता, बघू दे.

"बन! ए बन! डबा राहिला तुझा!"

टॅक्सीच्या खिडकीतून तिने डोकं बाहेर काढलं. "राहू दे तिथेच!" ती ओरडली.

टॅक्सी कोपऱ्यावर वळेपर्यंत मामा रिकामा डबा छातीशी धरून रस्त्यात उभे राहिले. मग वर आले, डबा कपाटात सगळ्यात मागे ठेवला आणि मामींना म्हणाले, "अंडी आणायला हवीत."