दादूस ठोक्यावर आलाच नाही

दादूस गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावरच चिडून बसले होते. आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला सकाळी येतो म्हणाला होता. आई लुगडं बदलून, चप्पल घालून सोफ्यावर तयार, आणि साहेबांचा पत्ता नाही! स्क्रीनवर त्याचंच नाव दिसलं म्हणून मी "कुठे मेलास रे?" असं ओरडतच फोन उचलला. पलीकडे त्याचा जासईचा शेजारी होता. तो बिचारा म्हणाला, "ताई, दादूस गेला. तुमच्याकडंच निघालेला, दारातच पडला." आता सांगा, ज्या माणसाने आयुष्यभर मला याच प्रश्नाची सवय लावली, त्याच्यावर चिडू नको तर काय करू?

दादूस म्हणजे आमच्या आगरी बोलीत थोरला भाऊ. माझा तो सख्खा, पण सगळी जासई त्याला दादूसच म्हणायची. उशीर हा त्याचा धर्म. शाळेत उशीर, जेवायला उशीर, बाबा गेले तेव्हा दहावं उरकल्यावर हजर. आणि हा रोग बोटांतही उतरलेला. तरुणपणी तो गावच्या बेंजोत कॅसिओ वाजवायचा. आमच्याकडे हळदीला वाजवणाऱ्या पथकाला बेंजो म्हणतात, आणि हळदीला लोक नाचायला येतात, विचार करायला नाही. सगळ्यांचा ठोका पडून गेला की मग याचं बोट पडायचं. पथकाचे मास्तर भर मांडवात ओरडायचे, "दादूस, ठोक्यावर ये! ठोक्यावर!" हा मान हलवायचा आणि पुन्हा मागून यायचा. शेवटी एका हळदीत नवरदेवाच्या मामाचे पाय एकमेकांत अडकले, मामा थेट हंड्यावर आदळले, आणि दादूसला बेंजोतून नारळ मिळाला.

मग तो बोटीवर नोकरीला लागला, त्यातून इंग्लंडला पोचला आणि तिथेच राहिला. तिथल्या एका स्का बँडला कीबोर्डवाला हवा होता. स्का म्हणजे जमैकाहून इंग्रजांकडे गेलेलं नाचाचं संगीत. त्यात ढोलाचा ठोका पडला की दोन ठोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत ऑर्गनने 'च्यॅक्' करायचं. झालं! ज्या खोडीसाठी जासईने हाकललं, तिचाच तिकडे पगार सुरू झाला. वीसेक वर्षं हा माणूस काळी टोपी घालून इंग्लंडभर व्हॅनमधून फिरला, दारूच्या गुत्त्यांपासून मोठ्या हॉलपर्यंत वाजवत सुटला, गोरी माणसं त्याच्या च्यॅक्-च्यॅक्‌वर घामाघूम होऊन नाचली. आणि इकडे मी नातेवाइकांना समजावून थकले. काका म्हणायचे, "स्का? म्हंजे मस्का?" आई अभिमानाने गावभर सांगत सुटली की पोर लंडनला बँडमध्ये वाजवतो. बायका विचारायच्या, "तिकडं पन वराती निगतान का गो?" बँड म्हणजे वरातीचा, संपलं! त्याची दोन स्थळं त्या एका शब्दापायी मोडली. तो आपला फोनवर खो खो हसायचा.

बँड फुटला तसा तो परत आला. एकटा नाही, ऑर्गन घेऊन! कपाटाएवढं धूड कंटेनरमधून न्हावा शेवाला उतरलं आणि जासईच्या घरात जिन्यावरून चढेना म्हणून माझ्या खारघरच्या हॉलमध्ये आलं. "चार दिवस ठेव," म्हणाला. ते चार दिवस अजून चालू आहेत. माझा डायनिंग टेबल गॅलरीत गेला, सोसायटीने आवाजाबद्दल दोनदा सुनावलं. आई माझ्याकडे राहते, म्हणून हा दर रविवारी, अर्थात दुपारच्या जेवणानंतर, यायचा आणि तिला वाजवून दाखवायचा. आई डोळे मिटून ऐकायची आणि दर वेळी एकच सांगायची, "चुकतं तुजा. मागून येतंस."

त्याचा चेहरा पडायचा. साठी उलटलेला बाप्या, पण अगदी लहान पोरासारखा. मी एकदा वैतागून म्हटलं, "अरे, एकदा सरळ ठोक्यावर वाजव ना! ती बरोबर म्हणेल, तुझा जीव शांत होईल, माझ्याही डोक्याचा ताप जाईल."

तो म्हणाला, "मग ती त्या ठोक्याला बरोबर म्हनंल. मला नाय."

असा हट्टी. संध्याकाळच्या आरतीलाही टाळी मधल्या जागेतच मारायचा. माझा ताल जायचा, आई आणि मी डोळे वटारायचो, आणि हा देवासमोर मिश्कील हसत उभा. कितीदा वाटलं, एक थोबाडीत द्यावी.

तेरावं झालं. काही दिवसांनी आईने पुन्हा निरांजन लावलं. आम्ही दोघीच. मी आरती सुरू केली, टाळी धरली, आणि दोन ओळींत माझा ताल गेला. सवयीने मान वळवून डोळे वटारले... आई होती. माझी टाळी पडून गेली की तिचे सुकलेले हात मागून एकमेकांवर पडत होते. ठरवून, नेटाने.

"आई, चुकतेयस तू."

"चुकत नाय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "बरोबर हाय. मदी रिकामा लागतं गो."

मी पुढची ओळ म्हणूच शकले नाही. निरांजनासमोर रडत उभी राहिले, आणि ती मात्र टाळ्या वाजवत राहिली.

आता रोज संध्याकाळी हेच चालतं. ऑर्गन तिथेच आहे, त्यावर आईच्या गोळ्यांचा डबा आणि माझ्या इस्त्रीच्या साड्या. माझा सासरकडचा पुतण्या विचारतो, काढायचा का? मी म्हणते, चार दिवस राहू दे. पण राग काही जात नाही. बरोबर म्हणाली रे ती! ज्या एका शब्दासाठी दर रविवारी माझा हॉल डोक्यावर घेतलास, तो शब्द ती म्हणाली. सगळ्या जन्मात एकदाच घाईने निघालास दादूस, आणि तेही नेमकं आत्ता?