आठवा नव्हे, चौथा

तिला सगळे चष्मेवाली म्हणत, पण गिऱ्हाइकांनी तिला फारसं पाहिलेलंच नव्हतं. पुढच्या दुकानात नवरा डोळे तपासायचा, फ्रेमी दाखवायचा. मागच्या खोलीत ती चाकावर काच घासून फ्रेमच्या मापाची करायची, काड्या गरम करून वाकवायची. सव्वीस वर्षं असंच चाललं. मग एका सकाळी शटर वर करताना नवरा कोसळला, तो उठलाच नाही.

इद्दतीचे, म्हणजे नवऱ्यामागे पाळायचे, चार महिने दहा दिवस संपले, त्याच दुपारी दोन्ही दीर आले. थोरल्याने काउंटरवर कागद पसरला, पेनाचं टोपण काढलं.

"विधवेला आठवा हिस्सा. नियम आमचा नाही, शरीयतचा आहे. इथे सही कर. दुकान विकायचंय."

तिने कागद दोनदा वाचला.

"आठवा मुलं असली तर, भाईजान. मुलं नसली तर चौथा."

"तुला कुणी सांगितलं?"

"सव्वीस वर्षं तुम्ही सगळ्यांनी मला मूल नाही म्हणून ऐकवलंत. आज वाटणीच्या दिवशीच मला मुलं कुठून झाली?"

धाकट्याला हसू फुटलं. थोरल्याने डोळे वटारले, तसं त्याने ते गिळलं.

"मौलानांनाच विचारू," थोरला गुरगुरला.

मौलाना आले, शांतपणे सगळं ऐकलं. "बाई बरोबर बोलतायत. आणि वाटणीच्याही आधी मेहेर. नवऱ्याने बायकोला निकाहात कबूल केलेली ही रक्कम दिली नसेल, तर ते मयताचं कर्ज. ते आधी फेडायचं."

तिने निकाहनामा पुढे केला. पाच तोळे सोनं, येणे बाकी.

"आणि मागची खोली वाटणीत धरू नका," म्हणत तिने आणखी एक कागद ठेवला. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याने चौकशी केली होती. बाकीचे वारस राजी नसतील तर मृत्युपत्राने बायकोला हिश्श्यापेक्षा जास्त देता येत नाही. जिवंतपणी बक्षीस मात्र देता येतं. त्याने साक्षीदारांसमोर खोली आणि यंत्र तिच्या नावावर केलं, किल्ल्याही तिच्या हातात दिल्या.

"यातली एक सही माझीच आहे," मौलाना म्हणाले.

थोरल्याने पेनाला टोपण लावलं.

मेहेर, चौथा हिस्सा आणि स्वतःची पुंजी घालून तिने दिरांचा भाग रीतसर विकत घेतला. तपासणीला आठवड्यातून दोनदा डॉक्टरीणबाई येऊ लागल्या. चष्मेवाली आता पुढे, काउंटरमागे, नवऱ्याच्या खुर्चीवर बसू लागली. पहिल्या दिवशी तिने स्वतः शटर वर केलं, तेव्हा समोरचा न्हावी वस्तरा हातात धरून बाहेर येऊन बघत राहिला.

आठवडाभरात धाकटी जाऊ आली. इकडेतिकडे बघत तिने पर्समधून घडी घातलेला निकाहनामा काढला.

"भाभी, यात माझं काय काय आहे, ते नीट वाचून सांगा ना."

"बैस. मेहेर मिळाला का?"

"नाही अजून."

"मग आज घरी जाऊन माग," चष्मेवाली म्हणाली. "माणूस समोर आहे तोवर मागणं सोपं."

जाऊ तोंडाला पदर लावून इतकी हसली, की डोळ्यांतलं पाणी पुसायला तिला चष्मा काढावा लागला.