सुखदेवभाऊंची तिरपी खाच

सुखदेवभाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी नळापाशी जात. आपण ‘बसा, बसा’ म्हणेपर्यंत ते मोरीत पोचलेले असत. नळ पूर्ण सोडायचा, मान एका बाजूला कलती करायची, मग तो अगदी सावकाश बंद करायचा आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत तिथंच उभं राहायचं. माझी बायको म्हणायची, “भाऊजीले पानी नोका विचारू, नळ दाखवा.” त्यावर ते लाजून हसत. “वहिनी, नळ मानसासारखाच असते. कोन कसा बंद होते, त्याच्यावरून त्याचा सभाव समजते.”

भिलाईच्या पोलाद कारखान्यात ते फिटर होते आणि मी ड्रॉइंग ऑफिसात. त्यांचे वडील भंडाऱ्याकडून नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीत कामाला आले, म्हणून त्यांचं लहानपण नंदिनी नगरात गेलं. तिथल्या सोडून दिलेल्या खड्ड्यांत पाणी साचतं. पांढऱ्या दगडामुळे ते दुपारी इतकं हिरवं-निळं दिसतं, की पाहणाऱ्याला आपण जागे आहोत की नाही अशी शंका यावी. त्या काठावर सुखदेवभाऊ तासन्‌तास बसत. तिथं काय पाहायचात, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, “काहीच नाही जी. पानी मले पाहे, मी पान्याले पाहो.”

त्यांचं एक वाक्य आमच्या सगळ्या वर्कशॉपला पाठ होतं. कुणी नवा पोरगा व्हॉल्व्ह झटक्यात बंद करायचा आणि पाइपात धप्पकन हातोडा बसल्यासारखा आवाज व्हायचा. सुखदेवभाऊ ओरडत नसत. जवळ जाऊन म्हणत, “पान्याले येकदम ‘नाही’ म्हनू नये, बापू. धावत येऊन राहिलं ना ते? हळूहळू ‘नाही’ म्हनावं.” माणसांशीही ते तसंच वागत. मुलीसाठी आलेलं एक स्थळ त्यांना नको होतं. त्या मंडळींना त्यांनी तीनदा पोहे खाऊ घातले, तीनदा बुद्धविहारातली पाण्याची टाकी दाखवली. तिसऱ्या खेपेला त्या लोकांनीच नकार दिला आणि वर हात जोडून हसत गेले. त्यांच्या पत्नी शांतावहिनी म्हणाल्या, “मले मांगायले आले होते तवा कोनी टाकी दाखवली असती, तं बरं झालं असतं.”

निवृत्त व्हायच्या सुमारास त्यांनी वैशाली नगरात दोन खोल्यांचं घर बांधलं. पंप एकच होता. त्याचं पाणी कधी त्यांच्या टाकीत, कधी शेजारच्यांच्या टाकीत सोडायचं असे. वळवताना पाइपात असा ठोका बसायचा, की दुपारी टेकलेल्या शांतावहिनी दचकून उठत. त्या दचकण्यावरूनच सुखदेवभाऊंनी फिरता व्हॉल्व्ह केला. पितळी घर, आत फिरणारा दंडगोल, त्याला दोन खाचा. फिरवला की एक वाट बंद होते, दुसरी उघडते. असे व्हॉल्व्ह जगात पुष्कळ आहेत. पण यांचा फिरवला की काहीच ऐकू येत नसे. पाणी इकडून तिकडे जायचं, जसं झोपेत माणूस कूस बदलतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तीन-चारदा फिरवून पाहिला. आवाज नाहीच. अंगणात कडुलिंबाची सावली हलत होती, आणि सुखदेवभाऊ डोळे मिटून उभे होते.

“याचं पेटंट घ्या,” मी म्हणालो. कल्पना माझीच. अर्जासोबत लागणारे नकाशे आणि वर्णन मी करून देतो, असंही मीच सांगितलं.

आता जे लिहायचं आहे ते मी सोळा वर्षं सुखदेवभाऊंना सांगितलं नव्हतं.

व्हॉल्व्ह उघडून मी मापं घेतली. दंडगोलावरच्या खाचा वाकड्या होत्या. एका टोकाला रुंद, पुढे उंदराच्या शेपटीसारख्या निमुळत्या, आणि तिरप्या. दोन्ही सारख्याही नव्हत्या. आमच्या ड्रॉइंग ऑफिसात पहिल्या दिवसापासून एक गोष्ट शिकवलेली असते: हाताची चूक कागदावर चढवायची नाही. फिटर कानस मारतो, कानस सरकते. नकाशा काढणाऱ्याने त्याच्या मनात जे होतं ते काढायचं. मी दोन्ही खाचा सरळ केल्या. समान केल्या. वर्णनातही ‘दोन समान, सरळ खाचा’ असं लिहिलं. त्यांना एका शब्दाने विचारलं नाही. उलट, त्यांच्या ओबडधोबड कामाला मी रूप दिलं, असा मला अभिमानच वाटत होता.

सही करायला कागद त्यांच्यापुढे ठेवला. नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत त्यांचं नाव होतं. जन्मभर त्यांनी त्या चौकटीत साहेबांची नावं पाहिली होती. ते त्या चौकटीकडेच बघत राहिले, बोट नावावरून दोनदा फिरवलं. खाचांकडे त्यांची नजर गेलीच नाही. “भाऊ,” ते म्हणाले, “अक्षर लय सुंदर काढलं तुमी.”

दोन-अडीच वर्षांनी पेटंट कार्यालयाकडून परीक्षणाचा अहवाल आला. परदेशात पन्नासेक वर्षांपूर्वी कुणीतरी असाच व्हॉल्व्ह नोंदवला होता. त्याचा नकाशाही जोडला होता. सरळ, समान खाचा. हुबेहूब माझा नकाशा. अर्ज ज्यांच्यामार्फत केला होता ते रायपूरचे एजंट मला म्हणाले, “यात वेगळं काही आहे का तुमच्याकडे?” मी तेव्हा पहिल्यांदा विचार केला, की आवाज का होत नसेल. उत्तर त्या शेपटीतच होतं. पाण्याला हळूहळू ‘नाही’ म्हणणारी ती शेपटी मी रबराने पुसावी तशी पुसून टाकली होती. मी सांगितल्यावर एजंट म्हणाले, “मूळ कागदांत नाही ते आता घालता येत नाही. नवा अर्ज करता येईल. पण शोधकाला सगळं सांगून, त्यांची सही घेऊन.”

सगळं सांगून. तेवढंच मला जमलं नाही.

मी वैशाली नगरात गेलो आणि म्हणालो, “सुखदेवभाऊ, आपला व्हॉल्व्ह नवा नाही निघाला. तिकडे एकाने आधीच केला आहे.”

मला वाटलं, ते खचतील. त्यांचा चेहरा उजळला. “असाच?”

“असाच.”

“म्हंजे त्याच्याही मनात हेच आलं?” ते उठून अंगणात फेरी मारून आले. “शांता, आयकून राहिली का? माह्यासारखाच येक येडा तिकडे होता!”

“येक कमी होता का?” वहिनी आतून म्हणाल्या.

त्या दिवसापासून तो माणूस त्यांच्या घरचा झाला. त्याचं नाव उच्चारता येईना, म्हणून ते त्याला ‘तिकडचे भाऊ’ म्हणत. तिकडच्या भाऊंच्या अंगणातही पंप असेल, त्यांचीही बायको दुपारी दचकत असेल, तेही कुठल्यातरी पाण्याच्या काठावर बसत असतील. चहा पिता पिता ते मधेच थांबून म्हणत, “तिकडचे भाऊ शेपटी घासाले कोनती कानस घेत असतील?” मी मान खाली घालून बिस्किट बुडवायचो. व्हॉल्व्ह आता आपला एकट्याचा नाही, म्हणून त्यांनी तो मागेल त्याला करून दिला; वैशाली नगरात पाच-सहा घरांत आणि विहाराच्या टाकीवर तो बसला. उघड झालेल्या गोष्टीचं पेटंट मिळत नाही; तो सगळ्यांच्या हातात गेल्यावर नव्या अर्जाची वाटही संपली. मी तेही पाहत राहिलो.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या फुप्फुसांनी दगा दिला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. एका सकाळी उन्हात त्यांची खाट टाकली होती. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, “तुमच्याआधी असा व्हॉल्व्ह कुणीच केला नव्हता. जगात तुम्हीच पहिले.”

हे ऐकून त्यांना बरं वाटेल, असा माझा समज होता.

“म्हंजे तिकडच्या भाऊची खाच सरळच होती?”

“सरळ.”

बराच वेळ ते पाइपाकडे बघत राहिले. “मंग त्याचा पाइप जिंदगीभर ठोकतच राहिला म्हना.” त्यांनी श्वास गोळा केला. “अन्‌ मी त्याच्यासंग बोलून राहिलो होतो. त्याले तं काही मालूमच नव्हतं. येकटाच होतो मी.”

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. शांतावहिनी दारात उभ्या होत्या. त्या मला म्हणाल्या, “वासुदेवभाऊ, सोळा वर्षं तुमी या अंगनात चहा पेले.” त्या दिवशी चहा झाला नाही.

तीन दिवसांनी त्यांनीच निरोप पाठवला. गेलो तर म्हणाले, “जशी हाय तशी काढा येकदा.” माफीबद्दल ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. व्हॉल्व्ह उघडून पुन्हा मापं घेतली, घरी येऊन जुना ड्रॉइंग बोर्ड काढला. माझ्या हाताला सरळ रेषा अजून येते; वाकडी येत नाही. पहिला कागद पाहून त्यांनी मान हलवली. “अजून सरळच हाय जी.” दुसऱ्यावर नखाने ओरखडा ओढला: “इथून वळते.” तिसऱ्या वेळी बोलायची ताकद नव्हती, दोन बोटं जवळ आणून त्यांनी दाखवलं, थोडी अजून बारीक.

चौथा कागद घेऊन गेलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती.

तो कागद आता माझ्याजवळ आहे. कोपऱ्यातल्या चौकटीत त्यांचं नाव आहे, आणि खाली मी लिहिलं आहे की आधीचा नकाशा चुकीचा होता आणि चूक माझी होती. खाच मला जमली तेवढी तिरपी काढली आहे. ती बरोबर आली आहे का, ते मला माहीत नाही.