आनी आणि आषाढ

लॉजचा मॅनेजर फोनवर “नाऊ आनी, सर,” असं म्हणाला आणि मी रिसीव्हर कानाला लावून पुढच्या वाक्याची वाट बघत उभा राहिलो. आपल्याकडे माणूस ‘आणि’ म्हणाला की त्याला अजून काहीतरी सांगायचं असतं. या माणसाचं सांगून झालं होतं. मी दोनदा “आणि? आणि?” असं विचारलं. त्यानं दोन्ही वेळा “यस सर, आनी, आनी,” अशी ग्वाही दिली. आपलं काम झालं असं समजून मी फोन ठेवला.

आनी हा तमिळ महिना आहे, हे मला त्यानंतर अकरा दिवसांनी कळलं. तेव्हा माझे सासरे बाहेर रिक्षात बसलेले होते.

बदलीवर चेन्नईला येऊन मला आठ महिने झाले होते. वेस्ट मांबलमला तिसऱ्या मजल्यावर आम्ही नवरा-बायको राहत होतो. इमारतीला लिफ्ट नव्हती. सासरे सोलापूरला, निवृत्त गणिताचे मास्तर. डावा डोळा काचबिंदूनं आधीच गेलेला आणि उजव्यात काचबिंदू अधिक मोतीबिंदू. तिकडचे डॉक्टर हात लावायला कचरत होते. चेन्नईतले एक डॉक्टर तयार झाले, पण त्यांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी चार वाजता ब्लडप्रेशर तपासणार, ते चढलेलं निघालं तर ऑपरेशन नाही. आणि ऑगस्टपासून डॉक्टर दोन-तीन महिने परदेशात. तोवर थांबलं तर आहे तेवढं दिसणं तरी टिकेल का, हे सांगता येत नाही.

ऑपरेशननंतर आठवडाभर जिना चढायचा नव्हता, म्हणजे आमचं घर बाद. हॉस्पिटलजवळ तळमजल्यावरची खोली हवी. आणि सासऱ्यांची त्यांची स्वतःची एक अट होती: खोलीचे पैसे ते देणार, आणि ती त्यांच्या पेन्शनीत बसली पाहिजे. “नाहीतर मला परतीच्या गाडीत बसवा, जावईबापू.” हे ते गमतीत म्हणत नव्हते. गणिताच्या तासालाही ते गंमत करत नसत, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात.

माझ्या शेजारच्या टेबलावरच्या तमिळ सहकाऱ्यानं मला युक्ती सांगितली. आडी महिन्यात इथं कुणी लग्न करत नाही, लॉज ओस पडतात, दर निम्म्यावर येतात. मी म्हटलं, अहो, आमच्यातही आषाढात लग्नं नसतात. आडी म्हणजे आमचा आषाढच की! तो म्हणाला, करेक्ट. दोन संस्कृतींच्या या एकीनं आम्ही दोघं इतके भारावलो की तारीख विचारायचं दोघांनाही सुचलं नाही.

घरी सोलापूरहून आणलेलं मराठी कॅलेंडर होतं. डॉक्टरांनी दोन तारखा दिल्या होत्या, एक जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली, एक अखेरची. अखेरची श्रावणात जात होती. श्रावण लागला की दर चढणार, हे कुणीही सांगेल. मी आषाढातली तारीख पक्की केली. दुसरी लगेच दुसऱ्या कुणाला दिली गेली. मग हॉस्पिटलजवळच्या लॉजला आडी रेट मिळेल ना असं विचारायला फोन केला, तोच तो वरचा फोन.

बायको वडिलांना आणायला सोलापूरला निघाली तेव्हा बॅग भरता भरता म्हणाली होती, की साडीच्या दुकानांवर आडी सेलचे फलक अजून दिसत नाहीत. मी तिला अमावास्या, प्रतिपदा आणि महिना कसा बदलतो हे समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. खोली आगाऊ ठरवलीत का, असंही तिनं विचारलं. ओस पडलेल्या लॉजात कोण आगाऊ खोली ठरवतं? मी “हो” म्हटलं.

ती दोघं सकाळी सेंट्रलला उतरली. सासऱ्यांनी काळा चष्मा लावला होता. एक हात मुलीच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात औषधांची पिशवी. डोळ्यांचं काम आता कान करत होते. रिक्षावाल्याशी मी घासाघीस केली ती त्यांनी शब्दन्‌शब्द ऐकली आणि शेवटी, “ठीक ठरवलंत,” असा शेरा दिला. परीक्षेत पास झाल्यासारखं मला बरं वाटलं.

फोनवरच्या त्या लॉजच्या फाटकाला घडासकट केळीचे दोन खांब बांधलेले होते. वर फुलांत नवरा-नवरीची नावं. आतून नादस्वरमचा आवाज येत होता. मी त्या दोघांना रिक्षात ठेवून आत गेलो आणि मॅनेजरला आडी रेटची आठवण करून दिली. त्यानं मला आवाजावरून ओळखलं. मागच्या भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं, त्यावर बोट ठेवून तो शांतपणे म्हणाला, “आडी नेक्स्ट वीक, सर. धिस इज आनी. लास्ट मुहूर्तम. फुल्ल.”

मी ‘आणि’च्या पुढच्या वाक्याची वाट बघत उभा राहिलो नाही. या वेळी मला कळलं.

आडी आमच्या आषाढासारखा चंद्रावर चालत नाही, सूर्यावर चालतो, आणि लागायला अजून आठवडा होता. तो लागायच्या आत लग्न उरकून घ्यायला सगळं शहर धावत होतं. म्हणजे वर्षातले स्वस्त दिवस शोधता शोधता मी नेमके महाग दिवस निवडले होते. ज्या तारखेला खोल्या खरंच ओस पडणार होत्या, ती मी श्रावण म्हणून सोडून दिली होती.

रिक्षापाशी आलो. सासरे म्हणाले, “काय, मिळाली किल्ली?”

“धुतायत खोली,” मी म्हटलं. “जरा चक्कर मारून येऊ.”

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. तिची ती नजर मला चांगली ओळखता येते.

मग एग्मोरच्या बाजूचे लॉज. एका दारात वऱ्हाडाची बस उभी होती. दुसऱ्याच्या पायऱ्यांवर नव्या धोतरातली माणसं बसली होती, आत जायची गरजच नव्हती. तिसऱ्या ठिकाणी एक वातानुकूलित स्वीट शिल्लक होता. काउंटरवरच्या माणसानं सांगितलेला दर सासऱ्यांच्या पेन्शनीत दीड दिवस बसला असता. मी त्याला हळूच विचारलं, की म्हाताऱ्या माणसासमोर निम्मा दर सांगाल का, उरलेला मी मागून देईन. तो म्हणाला, बिल छापील असतं. बिल वाचायला सासऱ्यांना दिसणार नाही, असं माझ्या तोंडावर आलं होतं. आपण काय बोलायला निघालो होतो हे लक्षात आल्यावर मी तसाच बाहेर पडलो.

अकरा वाजून गेले होते. रिक्षाचं छप्पर तापलं होतं. सासऱ्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं होतं आणि गुडघ्यावर बोटं आपटत होते. एरवी त्यांची बोटं कधी हलत नसत.

“आणखी कुठली खोली धुतायत?” त्यांनी विचारलं.

मी काहीतरी पुटपुटलो. बायको खाली उतरली आणि मला रिक्षाच्या मागे घेऊन गेली.

“खरं सांगा. खोली आहे?”

“नाही.”

“त्यांचे कान बघितलेत? लाल झालेत. चार वाजता किती येईल प्रेशर?”

पंचांग, आनी, सूर्य आणि चंद्र यांचा खुलासा मी सुरू केला, तो तिनं मध्येच तोडला. त्या पहिल्या लॉजवर मुहूर्त किती वाजता होता, एवढंच तिनं विचारलं. सकाळचाच असणार, मी म्हटलं, नादस्वरम तेव्हाच वाजत होतं. मग परत तिथंच चला, ती म्हणाली. वऱ्हाड जेवलं की जातं. खोल्या दुपारी रिकाम्या होतील.

अर्धा दिवस मी रिकामी खोली शोधत होतो. भरलेली खोली कधी रिकामी होते हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

मॅनेजरनं मान्य केलं. नवरदेवाकडची मंडळी कांचीपुरमची होती, दोनला त्यांची बस. तळमजल्यावरची एक खोली त्यांच्याकडे होती. “टू ओ क्लॉक,” तो म्हणाला, आणि थोडं थांबून, “मेबी.” तोवर कुठं बसायचं? ऑफिसातल्या बाकांवर तांब्या-पितळेची भांडी मांडलेली. त्यानं शेजारच्या लग्नाच्या हॉलकडे हात केला. पंखे आहेत, बसा, कुणी काही विचारणार नाही.

मी सामान उतरवायला गेलो. परत येतो तर बायको वडिलांना घेऊन दारातल्या टेबलापाशी पोचली होती. त्यांच्यावर गुलाबपाणी शिंपडलं जात होतं आणि एका मुलीनं त्यांच्या हातावर खडीसाखर ठेवली होती. मधुमेही माणसाच्या हातावर. मी धावत जाईपर्यंत ती तोंडात गेली होती.

आम्ही पंख्याखाली बसलो. मी घड्याळ बघत होतो, बायको वडिलांचे कान बघत होती, आणि सासरे, नवल म्हणजे, काहीच विचारत नव्हते. एवढ्यात जरीकाठी वेष्टी नेसलेले एक गृहस्थ हात जोडून पुढे आले आणि तमिळमध्ये काहीतरी विचारू लागले. मला प्रश्न समजला नाही. पण आपण या लग्नातले आहोत का असं विचारत असतील, तर खोटं कशाला बोला, म्हणून मी माझ्याजवळचा खात्रीचा तमिळ शब्द वापरला: इल्लै. नाही.

त्यांनी विचारलं होतं, जेवण झालं का.

त्यांच्या चेहऱ्यावर इतकं दुःख पसरलं, की आम्हाला पुढच्या मिनिटाला केळीच्या पानांसमोर बसवण्यात आलं. मुलीकडच्यांना आम्ही मुलाकडचे वाटलो असणार आणि मुलाकडच्यांना मुलीकडचे. उठता येईना. पंगत बसली होती.

तो अर्धा तास मी कसा काढला ते मलाच माहीत. सासऱ्यांच्या पानावर मीठ पडलं, ते मी बोटानं माझ्या पानावर ओढलं. लोणचं पडलं, तेही ओढलं. पापड पडला, तो उचलून खाल्ला. वाढपी मागे वळला की मी शेजारचं पान साफ करायचो. समोरचं एक कुटुंब हे बघत होतं. म्हाताऱ्याच्या पानातलं पळवणारा जावई त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिला.

पायसम आलं तेव्हा मी हात आडवा धरला.

“खीर का?” सासरे म्हणाले.

“नाही बाबा, ताक.”

“ताकात वेलदोडा?” ते म्हणाले, आणि स्वतःशी हसून त्यांनी भातावर रस्सम मागून घेतलं.

दोन वाजले, बस आली नाही. सव्वादोनला फोटो सुरू झाले. काका, मामा, आत्या, मग सगळे एकदम. अडीचला नवरीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला क्षणभर धीर आला, पण तो निरोप नव्हता, होमाचा धूर होता. पावणेतीनला किल्ली माझ्या हातात पडली. खोलीत मोगरा सांडलेला, कॉटवर कुणाचा तरी ओला पंचा. बायकोनं चादर बदलून घेतली, वडिलांना गोळी दिली आणि आडवं केलं. ते तत्काळ झोपले. मी बाहेर मॅनेजरपाशी गेलो. त्यानं आनीचा साधा दर लावला, मुहूर्ताचा नाही, आणि शेवटच्या दोन दिवसांना आडीचा. हिशेब पेन्शनीत बसला. मला त्याचा आनंद होईना. चार वाजायचे होते.

हॉस्पिटलात नर्सनं पट्टा गुंडाळला, हवा भरली, सोडली आणि भुवया जवळ आणल्या. “पुन्हा,” अशी खूण केली. मला माझ्या तोंडातला त्यांचा पापड आठवला आणि त्यांच्या तोंडातली खडीसाखर. दुसऱ्यांदा हवा भरली. बायकोनं माझ्या मनगटाला धरलं होतं, ते तिच्याही लक्षात नव्हतं. नर्सनं आकडा लिहिला, कागद आत नेला. दार बंद झालं.

सासरे खुर्चीत ताठ बसून होते. निकालाच्या दिवशी मास्तर बसतात तसे.

दार उघडलं. डॉक्टरांनी स्वतः बाहेर येऊन सांगितलं, उद्या पहिली केस यांची. मघाशी पट्टा सैल बसला होता, एवढंच.

ऑपरेशन नीट झालं, हे इथंच सांगून टाकतो. पट्टी निघाल्यावर त्यांनी भिंतीवरच्या तक्त्यातल्या खालून तिसऱ्या ओळीपर्यंत अक्षरं वाचली. पण त्या संध्याकाळी हे काही माहीत नव्हतं. सासऱ्यांना रक्त तपासायला आत नेलं आणि आम्ही दोघं बाकावर बसलो. मी तिला म्हटलं, चुकलं माझं. एवढी वणवण होऊन बाबा इतके शांत कसे राहिले, मला कळत नाही.

“त्यांनी हॉलच्या दारात विचारलं होतं, आपण कुठं आलोय,” ती म्हणाली. “मी सांगितलं, ह्यांच्या साहेबांच्या मुलीचं लग्न आहे, अगदी आग्रहाचं बोलावणं होतं, म्हणून खोलीवर जायला उशीर होतोय. त्यांना फार बरं वाटलं. आता आहेर काय केलात म्हणून विचारतायत, ते तुम्ही सांगा.”