पुलाखालून पाठवणी

हरणाबाईला वल्हं मारायला कुणी शिकवलं नव्हतं. माकणीच्या धरणाचं पाणी चढलं तसं तिचं अर्धं रान बुडालं आणि उरलेलं पाण्यापलीकडं गेलं. तेव्हापासून पत्र्याची होडी हीच तिची बैलगाडी. सोयाबीनची पोती, शेळ्या, शेजाऱ्याची रुसून माहेरी निघालेली सून, सगळं तिनं त्या होडीतून इकडचं तिकडं केलं. नवरा बब्रुवान पाण्याला भ्यायचा. तो आपला काठावरून दोर धरून ओढायचा. संसारही त्यांचा असाच चालला होता, ती पुढं आणि तो दोराच्या टोकाला.

लेकीच्या, अक्षदाच्या, साखरपुड्यात होणारी विहीण मथुराबाई चहा फुंकत म्हणाली होती, पाण्यातली पोर ही, हिला पायी चालायची सवय तरी हाय का? बायका खुदूखुदू हसल्या. हरणाबाईच्या जिभेला हाड नव्हतंच. "चालवत कशाला धाडू? नावेनं धाडीन की तुमच्या दारात," म्हणून मोकळी झाली.

बोलून बसली खरी, पण आता ते निभवायला पाहिजे होतं. सोय एवढीच, की मथुराबाईंची वस्ती कॅनलच्या काठावरच होती आणि लग्नाच्या आठवड्यात कॅनलला पाणी सुटलं होतं. होडी ट्रॉलीत घालून धरणाची भिंत ओलांडली आणि लग्नाच्या मांडवाजवळ कॅनलात उतरवली. पाण्याच्या पाळ्या सांभाळणारा पाटकरी गोरोबा नात्यातलाच. होडी वाहत्या पाण्यानं पळू नये म्हणून त्यानं जरा शहाणपणा केला, वस्तीच्या पुढचं गेट सकाळपासूनच खाली सोडून ठेवलं. पाण्याची ओढ गेली, कॅनल तळ्यासारखा शांत झाला. गोरोबा मिशीला पीळ देत गेटवर जाऊन बसला.

अक्षता पडल्या. नवरा-नवरी होडीत बसले, सोबत माहेरच्या दोन करवल्या, वल्ह्यावर हरणाबाई. दोन्ही काठांनी दोर, एका दोराला बब्रुवान, दुसऱ्याला त्याचा भाऊ. काठाच्या रस्त्यानं वऱ्हाडाची जीप बैलाच्या चालीनं चालली होती. तिच्यात पुढच्या सीटवर मथुराबाई, मांडीवर पर्स, तोंड दुसरीकडं. सून गटारातून आणताय का, असं तिनं मांडवातच विचारून घेतलं होतं.

वस्ती नजरेत आली आणि मधला बुटका पूल आडवा आला. अडवलेलं पाणी तुंबून पार वर आलं होतं. होडीचं नाकाड पुलाच्या स्लॅबला ठण्ण करून आपटलं. आत शिरायला चार बोटं कमी.

बब्रुवान गेट उचला म्हणून ओरडणार, तेवढ्यात हरणाबाईनं त्याला गप केलं. गेट उचललं तर पाणी एकदम ओढ धरणार, होडी आडवी होऊन पुलाच्या पोटात घुसणार. बब्रुवान म्हणाला, नाकाडात धोंडे टाकू. त्यावर दोन्ही करवल्या होडीतूनच त्याच्यावर ओरडल्या, नव्या नवरीच्या नावेत धोंडे घालतात व्हय? नवरदेव कृष्णराज बिचारा स्वतःच पुढं सरकून बसला, पण त्याच्या बसण्यानं नावेला काही कळलंसुद्धा नाही. मग कुणीतरी हळूच म्हणालं, उतरवा पोरीला, एवढं तर राहिलंय, चालत जाईल.

पाठवणीला निघालेली पोर वाटेत उतरवायची नसते. त्यात ही उतरली, की मथुराबाईंना जन्मभराचं तोंडी लावणं झालं. लेकीनं पदराआडून आईकडं बघितलं. तिलाही ते कळत होतं.

नाकाडात वजन पाहिजे होतं. जीपमध्ये वजन भरपूर होतं, पण वरमाई हलल्याशिवाय नवऱ्याकडची एक बाई खाली पाय टाकणार नव्हती. हरणाबाई काठावर चढली आणि जीपच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"विहीणबाई, पुढची जागा तुमची हाय. चला."

मथुराबाईनं होडीकडं बघितलं, पुलाकडं बघितलं. "मानासाठी बोलवताय, का वजनासाठी?"

बब्रुवाननं डोळे मिटून घेतले.

"वजनासाठी," हरणाबाई म्हणाली. "खोटं कशाला बोलू. तुम्ही बसल्याबगर माझी पोर तुमच्या घरात यायची न्हाय."

मथुराबाईचं पोट हललं, खांदे हलले आणि ती जी हसायला लागली ती जीपचा दरवाजा उघडेपर्यंत हसतच होती. चार जणींनी धरून तिला उतरवलं. ती नाकाडात बसली तशी होडीनं अदबीनं मान लववली. मागून जावा-नणंदाही आल्याच.

"वाका गं समद्या," हरणाबाई म्हणाली. मथुराबाईला वाकायला जागाच उरली नव्हती, तिनं डोकं सरळ सुनेच्या मांडीवर टेकवलं. अंधारात स्लॅब खरखरला, कुणाचं तरी कोपर कुणाच्या तरी बरगडीत गेलं, आणि होडी पलीकडच्या उन्हात निघाली. मथुराबाईच्या अंबाड्यावर कोळ्याचं जाळं होतं. सुनेनं ते हळूच काढलं.

दारात भाकरतुकडा ओवाळून झाला, पोर उंबऱ्याच्या आत गेली. हरणाबाई डोळे पुसत परत होडीकडं वळली आणि थबकली. रिकामी होडी पुलाखालून जायची कशी?

मागून मथुराबाई पदर खोचत येत होती. बरोबर जावा-नणंदाही होत्या. नवी सून घरात टाकून वरमाई कुठं निघाली म्हणून गोतावळा कालवा करत होता.

"इहिणीला पुलापलीकडं घालवून येते," ती म्हणाली आणि कुणाचा हात न धरता नाकाडात जाऊन बसली.