ऐकून गप्प बसणाऱ्यांची नावं

बेटेगावजवळच्या एका वसतिगृहात ती स्वयंपाक करायची. मी शेजारच्या शाळेत मास्तर होतो आणि तिथेच जेवायचो. मूळची समुद्रकाठच्या दांडी गावातल्या कोळीवाड्यातली असल्यामुळे हळू बोलणं तिला जमतच नसे. "गुरुजी, सुकट हाय आज, लाजू नका!" ही हाक रस्त्यापर्यंत जाई. डोंगरातून आलेल्या मुलांना वाढताना मात्र ती आधी प्रत्येकाचं तोंड बघायची.

अधीक्षक मुलांना फोडून काढतो, हे तिलाच आधी कळलं. एका मुलीला सुजलेल्या हातांत ताट धरवेना. ते पाहून तिने वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांना तीनदा सांगितलं. ते फक्त "बघू" म्हणाले. तिने मलाही सांगितलं होतं. शाळाही त्याच संस्थेची; नोकरीच्या भीतीने मी गप्प राहिलो.

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम सुरू झालं, त्या वर्षी ठाण्याहून तपासणीला साहेब आले आणि त्यांनी मुलांना होणाऱ्या मारहाणीबद्दल विचारलं.

"अशी तक्रार आमच्याकडे कधी आलीच नाही," अध्यक्ष म्हणाले.

पदराला हात पुसत ती बाहेर आली. "तीनदा सांगितलं मी यांना. साहेब, मारणाऱ्याचं नाव लिवा, नि ऐकून गप बसणाऱ्याचंबी लिवा."

"आणखी कोणाला सांगितलं होतंस?" साहेबांनी विचारलं.

ती खाली बघत राहिली.

"मला," मी म्हणालो. "माझंही नाव लिहा."

अधीक्षकावर खटला झाला, अध्यक्षांचं पद गेलं आणि मला लेखी ताकीद मिळाली. तपासणीच्याच दिवशी जेवायला वाढताना ती म्हणाली होती, "बरं झालं, तुमी बोललात. आणखी जरा थांबला असतात तर मीच नाव घेतलं असतं."